रात्रभर जागणारे संगणक : कार्यालयीन वीजबचतीचा विस्मरणात गेलेला इतिहास (थ्रेड)

१/
२००० सालच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन परिसरातील काही कार्यालयांत, कर्मचारी घरी गेल्यावर, काही माणसे टेबलामागून टेबल पाहत फिरत असत. कोणते यंत्र चालू, कोणते बंद, कोणते अर्धवट झोपेत, एवढेच ती टिपून घेत. लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरी या शासकीय प्रयोगशाळेचे ते संशोधक होते. अशा अकरा पाहण्यांतून हाती आलेले आकडे असे : रात्री १०० पैकी केवळ ४४ संगणक बंद होते, ३२ मॉनिटर बंद होते आणि प्रिंटर तर अवघे २५.

२/
या आकड्यांतील खरी नवलाची बाब वेगळीच होती. काम नसताना संगणकाने आपोआप झोपी जावे, ही सोय तोवर आठ वर्षांची झाली होती. तिच्यासाठी शासकीय योजना होती, राष्ट्राध्यक्षांचा आदेश होता, चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमाणित तंत्र होते. तरीही यंत्रे जागीच होती. तंत्र हाताशी असूनही बचत का होत नव्हती, याची ही कथा.

३/
कथेचा आरंभ विजेच्या बचतीने नव्हे, पडद्याच्या बचतीने होतो. जुन्या काचेच्या मॉनिटरच्या आतल्या बाजूस फॉस्फरचा लेप असे. एकच मजकूर तासन् तास झळकत राहिला की त्याचा ठसा त्या लेपावर कायमचा उमटे. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा या प्रोग्रॅमरने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो 'सॉफ्टॉक' मासिकाच्या डिसेंबर १९८३ च्या अंकात प्रसिद्ध झाला. तीन मिनिटे कोणतीही कळ दाबली गेली नाही, की पडदा काळा होई. स्क्रीनसेव्हर हे नाव तेथूनच रूढ झाले.

४/
काळा पडदा मात्र लोकांना रुचला नाही. १९८९ मध्ये बर्कली शहरातल्या बर्कली सिस्टिम्स या कंपनीने 'आफ्टर डार्क' हा संच बाजारात आणला. त्यातील पंख फुटलेले, उडणारे टोस्टर जगभर लोकप्रिय झाले. येथूनच एक गैरसमज घट्ट रुजला : पडद्यावर स्क्रीनसेव्हर फिरू लागला म्हणजे संगणक विश्रांती घेत आहे. वस्तुतः मॉनिटर पूर्ण तेजाने चालू असे आणि टोस्टर उडवण्यासाठी प्रोसेसरही राबत असे. पडदा वाचत होता, वीज नव्हे.

५/
खरी वीजबचत आली ती लॅपटॉपच्या गरजेतून. बॅटरी दोन-तीन तासांत संपत असेल तर वीज जपण्यावाचून गत्यंतर नसते. ऑक्टोबर १९९० मध्ये इंटेलने ३८६एसएल हा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर आणला. वापरात नसलेले भाग बंद करणे, प्रोसेसरचा ठोका मंदावणे किंवा पूर्ण थांबवणे, ही कामे वापरणाऱ्याच्या नकळत करणारी यंत्रणा त्यातच होती. टेबलावरच्या संगणकाला याची गरज कोणालाच जाणवली नव्हती. त्याची तार भिंतीत खोचलेली होती आणि भिंतीतली वीज संपत नसे.

६/
भिंतीतल्या विजेचा हिशेब मांडला तो अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिचा अंदाज होता की देशातील तीन ते साडेतीन कोटी वैयक्तिक संगणक चालू असलेल्या वेळेपैकी बहुतांश वेळ रिकामेच असतात आणि ३० ते ४० टक्के यंत्रे रात्री व शनिवार-रविवारीही चालू राहतात. व्यापारी क्षेत्राच्या विजेपैकी सुमारे ५ टक्के वीज संगणकांकडे जाते आणि २००० सालापर्यंत हा वाटा १० टक्क्यांवर जाऊ शकतो, अशी भीतीही तिने व्यक्त केली होती.

७/
संस्थेतील जॉन हॉफमन हे अधिकारी सक्तीऐवजी स्वेच्छेच्या योजनांचे पुरस्कर्ते होते. त्यांनी इंटेलच्या अभियंत्यांशी चर्चा केली. लॅपटॉपमधले तंत्र टेबलावरच्या यंत्रात आणणे फारसे खर्चिक नाही, हे स्पष्ट झाले. कॅथी झोई आणि ब्रायन जॉन्सन यांनी योजना राबवली आणि १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' हे चिन्ह जन्मास आले. आज फ्रिजपासून इमारतींपर्यंत दिसणाऱ्या या चिन्हाचे पहिले मानकरी संगणक आणि मॉनिटर होते.

८/
अट साधी होती. काही काळ वापर झाला नाही तर संगणकाने ३० वॅट किंवा त्याहून कमी विजेवर उतरावे. मॉनिटरनेही तसेच करावे. ज्या कंपनीला हे साधेल, तिने चिन्ह लावावे. दंड नाही, कायदा नाही. नव्वदच्या दशकात संगणक सुरू करताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काही क्षण चमकून जाणारे ते चिन्ह अनेकांना आठवत असेल. आपल्याकडच्या कार्यालयांत आणि सायबर कॅफेंतही ते दिसे. ते कशासाठी आहे, हे विचारण्याची वेळ मात्र क्वचितच कोणावर आली.

९/
चिन्हाला बळ मिळाले ते सरकारी खरेदीमुळे. २१ एप्रिल १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कार्यकारी आदेश १२८४५ वर स्वाक्षरी केली. केंद्रीय खात्यांनी १८० दिवसांच्या आत एनर्जी स्टारच्या अटी पाळणारे संगणक, मॉनिटर आणि प्रिंटरच घ्यावेत, असे त्यात म्हटले होते. अमेरिकेचे केंद्र सरकार हे संगणकांचे जगातील सर्वांत मोठे ग्राहक. त्याच्यासाठी वेगळे आणि बाजारासाठी वेगळे यंत्र बनवणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते.

१०/
त्या आदेशातील दोन कलमे आज वाचताना दूरदर्शी वाटतात. पहिले : यंत्र कारखान्यातून निघतानाच झोपेची सोय चालू केलेली असावी. दुसरे : कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या संगणक प्रशिक्षणातच या सोयीचे फायदे शिकवावेत. म्हणजे माणूस आपण होऊन सेटिंग बदलणार नाही आणि न शिकवता तिचे महत्त्वही ओळखणार नाही, हे १९९३ मध्येच कोणाच्या तरी ध्यानात आले होते.

११/
तांत्रिक बाजूही वेगाने उभी राहत होती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही पद्धत मांडली. १९९३ मध्ये मॉनिटरसाठी डीपीएमएस हे प्रमाण आले. त्यातील युक्ती सुबक होती. संगणक मॉनिटरला चित्र जुळवण्यासाठी आडवे आणि उभे असे दोन संकेत सतत पाठवत असे. त्यांपैकी एक थांबला की डुलकी, दुसरा थांबला की गाढ झोप, दोन्ही थांबले की जवळजवळ बंद. त्यासाठी नवी तार नको होती. जुन्या तारेतले मौन हाच निरोप होता.

१२/
डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे प्रमाण जाहीर केले. पूर्वी झोपेचा निर्णय यंत्राच्या बायॉसकडे असे. कोणता प्रोग्रॅम काय करतो आहे, याची त्याला कल्पना नसे. आता तो निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला. झोपेच्या पायऱ्याही ठरल्या. एका पायरीवर केवळ स्मृती जागी ठेवून बाकी यंत्र बंद होई. त्याखालच्या पायरीवर स्मृतीतील सारे डिस्कवर लिहून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होई आणि जागे झाल्यावर काम होते तेथूनच सुरू होई.

१३/
मग अडले कोठे? पहिली अडचण कार्यालयांच्या ऑपरेटिंग सिस्टिमची होती. घरगुती विंडोज ९५ आणि ९८ मध्ये झोपेची व्यवस्था होती. परंतु अनेक कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी स्वीकारलेल्या विंडोज एनटी ४.० मध्ये (१९९६) ती अंगभूत नव्हतीच. खोक्यावर एनर्जी स्टारचे चिन्ह, आत झोपू शकणारी चिप आणि वर झोप ठाऊक नसलेली प्रणाली, अशी हजारो यंत्रे टेबलांवर येऊन बसली. मॉनिटर झोपत, संगणक मात्र जागाच राही.

१४/
दुसरी अडचण संगणक विभागाची. सुरक्षेचे नवे सॉफ्टवेअर चढवणे, व्हायरस तपासणी, प्रती काढणे, ही कामे रात्री चालत आणि त्यासाठी यंत्र चालू हवे असे. म्हणून "जाताना संगणक बंद करू नका" अशी सूचनाच अनेक ठिकाणी असे. यावरही तोडगा होता. १९९५ मध्ये एएमडी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी 'मॅजिक पॅकेट' मांडले. एक ठरावीक खूण आणि तिच्यामागून त्या यंत्राचा पत्ता सोळा वेळा, एवढा संदेश नेटवर्कवरून आला की झोपलेला संगणक उठे. हे तंत्र 'वेक ऑन लॅन' या नावाने पसरले. पण ते प्रत्येक यंत्रात नीट बसवणे हे कष्टाचे काम होते आणि त्या कष्टाचे श्रेय कोणालाच मिळत नव्हते.

१५/
तिसरी अडचण सर्वांत खोल होती : वीजबिल कोणाचे? बहुतेक आस्थापनांत बिल भरतो इमारत सांभाळणारा विभाग. यंत्रे विकत घेतो आणि सांभाळतो संगणक विभाग. यंत्र बिघडले तर बोलणी तोच खातो, वीज वाचली तर त्याच्या अंदाजपत्रकात एक पैसाही जमा होत नाही. आणि यंत्र वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला बिल कधी दिसतच नाही. तिघांपैकी कोणीही निष्काळजी नसताना वीज वाया जात राहते.

१६/
हिशेब मात्र सोपा आहे. मॉनिटरसह १०० वॅट घेणारे यंत्र वर्षभर अखंड चालले, तर ८७६ युनिट लागतात. रोज ८ तासांप्रमाणे २५० दिवस, म्हणजे कामापुरते चालले, तर २०० युनिट पुरतात. उरलेली ६७६ युनिट रिकाम्या खुर्चीसमोर जळतात. एक हजार यंत्रांच्या कार्यालयात हा आकडा ६ लाख ७६ हजार युनिटांवर जातो. शिवाय यंत्राने घेतलेली वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच सांडते आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला आणखी वीज लागते.

१७/
३१ मे १९९९ च्या 'फोर्ब्स' पाक्षिकात पीटर ह्युबर आणि मार्क मिल्स यांचा एक लेख आला. कोळसा अधिक खणा, संगणक येत आहेत, अशा आशयाचा त्याचा मथळा होता. अमेरिकेची ८ टक्के वीज इंटरनेट खाते आणि पुढील दशकभरात निम्मी वीज डिजिटल अर्थव्यवस्थेला लागेल, असा त्यांचा दावा होता. दावा गाजला. नवी वीजकेंद्रे हवीत असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच अस्त्र आले.

१८/
उत्तर आले बर्कलीहून. जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाव्यातील एकेक गृहीत तपासले आणि इंटरनेटच्या विजेचा अंदाज सुमारे आठपट फुगवलेला असल्याचे दाखवले. २००१ मध्ये याच प्रयोगशाळेने सविस्तर हिशेब दिला : अमेरिकेतील सर्व कार्यालयीन आणि नेटवर्क उपकरणे मिळून वर्षाला ७४ अब्ज युनिट वापरतात, म्हणजे देशाच्या विजेच्या सुमारे २ टक्के.

१९/
याच अहवालात आणखी तीन आकडे होते आणि या इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे. झोपेच्या सोयीमुळे वर्षाला २३ अब्ज युनिट आधीच वाचत होते. ती सोय सर्व यंत्रांत चालू आणि नीट असती, तर आणखी १७ अब्ज युनिट वाचले असते. आणि रात्री गरज नसलेली यंत्रे बंद केली असती, तर त्यावर आणखी ७ अब्ज. म्हणजे योजना फसली नव्हती. ती अर्ध्या वाटेवर थांबली होती.

२०/
त्याच वेळी प्रयोगशाळेच्या भोवतालच्या राज्यात अंधार होता. २००१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाने भारनियमन अनुभवले आणि आणीबाणी जाहीर केली. त्यामागे वीजबाजारातील लबाडीचा मोठा हात होता, हे पुढे उघड झाले. दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉनच्या व्यापाऱ्यांनी न्यायालयात गुन्हे कबूल केले. परंतु प्रत्येक मेगावॅटसाठी धावाधाव चाललेली असताना रिकाम्या कार्यालयांत उजळलेले पडदे नव्याने डोळ्यांत खुपू लागले, हेही खरे.

२१/
बर्कलीचा आणखी एक योगायोग. १७ मे १९९९ रोजी तेथील विद्यापीठाने 'सेटी@होम' सुरू केले. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधण्यासाठी लाखो लोकांनी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ दान केला आणि तोही स्क्रीनसेव्हरच्या रूपाने. विज्ञानासाठी ती अपूर्व सोय होती. पण त्या वेळात संगणक झोपण्याऐवजी पूर्ण ताकदीने राबत असे. रिकामा वेळ फुकट असतो, ही समजूत एकाच गावात एक संस्था जोपासत होती आणि दुसरी खोडून काढत होती.

२२/
२००३ मध्ये संशोधक पुन्हा रात्री फिरले. यावेळी सॅन फ्रान्सिस्को, पिट्सबर्ग आणि अटलांटा येथे. परिस्थिती सुधारली नव्हती, उलट खालावली होती. १०० पैकी ३६ डेस्कटॉप संगणक बंद, अवघे ४ झोपेत आणि ६० पूर्ण जागे. मॉनिटरची गोष्ट निराळी : चालू राहिलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश झोपलेले होते. मॉनिटर झोपल्याने कोणाचेच काम अडत नसे, म्हणून त्याची झोप कोणी मोडली नव्हती.

२३/
झोप आणि बंद यांतला फरक लोकांना कळतो का, हाही प्रश्न होता. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, दिव्याचा रंग वेगळा. बर्कलीचे ब्रूस नॉर्डमन यांच्या पुढाकाराने डिसेंबर २००४ मध्ये आयईईई १६२१ हे प्रमाण मंजूर झाले. चालू म्हणजे हिरवा दिवा, झोप म्हणजे पिवळसर दिवा आणि झोपेची खूण म्हणजे चंद्रकोर. आज कीबोर्डवर किंवा मेन्यूत दिसणारी चंद्रकोर याच प्रमाणाने पक्की केली.

२४/
वळण आले ते २००७ च्या सुमारास. विंडोज व्हिस्टामध्ये झोप मुळातच चालू होती आणि हजारो यंत्रांची झोप एका जागेवरून ठरवण्याची सोय संगणक विभागाला प्रथमच अंगभूत मिळाली. त्याआधी एक्सपीसाठी ईपीएला 'ईझेड जीपीओ' हे फुकट साधन पुरवावे लागले होते. २० जुलै २००७ पासून एनर्जी स्टारची अट कडक झाली : १५ मिनिटांत पडदा, ३० मिनिटांत संगणक झोपेल अशी जुळणी कारखान्यातच हवी आणि पॉवर सप्लायने घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज यंत्रापर्यंत पोहोचवली पाहिजे.

२५/
त्याच वर्षी गूगल आणि इंटेल यांनी 'क्लायमेट सेव्हर्स' ही मोहीम उभारली. २०१० पर्यंत संगणकांचा वीजवापर निम्म्यावर आणणे हे तिचे उद्दिष्ट होते. मोठ्या आस्थापनाही हिशेब मांडू लागल्या. २०१० मध्ये फोर्ड मोटर कंपनीने केंद्रीय पद्धतीने संगणक झोपवून वर्षाला १२ लाख डॉलर वाचतील असा अंदाज जाहीर केला. बचतीचा आकडा संचालकांच्या टेबलावर आला आणि बिल कोणाचे हा जुना तिढा सैल झाला.

२६/
चिन्हाची परीक्षाही याच सुमारास झाली. मार्च २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २० बनावट उत्पादने एनर्जी स्टारकडे धाडली. १५ मंजूर झाली. त्यांत पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळही होते! कंपनीच्या शब्दावर चिन्ह देण्याची पद्धत बंद पडली आणि २०११ पासून तिऱ्हाईत प्रयोगशाळेची तपासणी बंधनकारक झाली. स्वेच्छेवर उभ्या राहिलेल्या योजनेलाही अखेर मोजमापाची गरज पडली.

२७/
डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने संगणक आणि मॉनिटरच्या वीजवापरावर सक्तीची मर्यादा घातली. अमेरिकेत तसे करणारे ते पहिले राज्य. त्या नियमांचा मुख्य रोख यंत्र चालू पण रिकामे असतानाच्या विजेवर आहे. १९९२ मध्ये ज्याची विनंती केली गेली होती, त्याच गोष्टीचा पाव शतकाने कायदा झाला. भारतात २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने आणि १ मार्च २००२ रोजी स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने तारांकित चिन्हांची वाट आखली. त्यांत लॅपटॉपचा समावेश झाला, तो मात्र ऐच्छिक यादीत.

२८/
डेटा सेंटर किती वीज खातील आणि त्यासाठी किती नवी केंद्रे उभारावीत, हा वाद आज पुन्हा रंगला आहे. १९९९ चा अनुभव सांगतो की अशा वेळी फुगवलेले अंदाज आणि खरी उधळपट्टी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात. बर्कलीच्या संशोधकांनी दोन्ही दाखवल्या आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली एक पद्धत कोणत्याही कार्यालयाला आजही परवडेल : सर्वजण घरी गेल्यावर एकदा मजल्यावरून फिरावे आणि किती दिवे हिरवे आहेत ते मोजावे.

(समाप्त)